बॅचची फाईल

त्यांच्या कुत्र्याची फाईल होती. निळ्या पुठ्ठ्याची, चार रिंगांची, पाठीवर छापील पट्टी डकवलेली. लसीचं कार्ड आणि जन्माचा दाखला लोक जपतात, ते समजू शकतो. या फाईलीत कुत्र्याच्या शिक्षणाचा आराखडा होता, प्रत्येक धड्याची तारीखवार नोंद होती आणि प्रत्येक नोंदीखाली तीन रकाने होते : प्रशिक्षक, साक्षीदार, प्रशिक्षणार्थी. तिसऱ्या रकान्यात पंजाचा ठसा. कुत्रा काळा लॅब्रॅडोर असल्यामुळे पंजाला लागलेली शाई पुसली गेली की नाही ते कळत नसे, आणि नंतर ती सोफ्यावर सापडे. मधल्या रकान्यात माझी सही असे.

मी मुकाट्याने सह्या करायचो, कारण ते माझे साहेब होते.

२०१४ साली मी पुण्याहून आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डजवळच्या एका औषध कारखान्यात आलो, तेव्हा ते तिथे नऊ वर्षं मुरलेले होते. मूळचे नागपूरचे, पन्नाशीला टेकलेले, अंगाने बारीक, आणि शर्टाच्या खिशात कायम दोन निळी पेनं. एक संपलं तर दुसरं. गोळ्या बनवणं हे आमचं काम नव्हतं. गोळ्या बनवणारी यंत्रं सांगितल्याप्रमाणे चालतात की नाही हे तपासायचं आणि तसं कागदावर सिद्ध करायचं, हे आमचं काम. तापमान वाचायचं, लिहायचं, सही, तारीख, वेळ. मग दुसऱ्याने पाहिलं म्हणून त्याची सही, तारीख, वेळ. या धंद्यात चूक झाली तर तिला माफी आहे; चुकीवर एकच सरळ आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. जे केलंच नाही ते केलं म्हणून लिहिणं, याला मात्र माफी नाही. ते आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शिकवणारे अर्थातच हेच.

बाकीचे लोक हे सगळं संध्याकाळी पाच वाजता कारखान्यात ठेवून घरी जात. साहेब ते घरी घेऊन जात. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर 'उघडल्याची तारीख' आणि 'या तारखेपर्यंत वापरावे' अशा दोन चिठ्ठ्या असायच्या. कपाटाला तिथले लोक प्रेस म्हणतात, तसं हेही म्हणत. आणि प्रेसच्या दाराच्या आतल्या बाजूला, आत काय काय आहे त्याची यादी. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकीने हौसेने श्रीखंड करून आणलं, तर यांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "चक्का किती तास बांधला होता?" तिने सांगितलं, रात्रभर. "रात्रभर म्हणजे किती?" ती बाई पुढच्या वर्षी विकतचे गुलाबजाम घेऊन आली.

आणखी एक खूळ होतं, पण ते पहिली दीड वर्षं नव्हतं, नंतर लागलं. मी कुठलीही चाचणी घ्यायला यंत्रापाशी उभा राहिलो की हे चहाचा मग घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहत. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला याची काही गरज नव्हती; इतरांच्या नोंदींवर ते टेबलाशी बसून सह्या करत. माझ्या वेळी मात्र स्वतः येणार, काट्यावरचा आकडा चष्मा वर करून स्वतः वाचणार, आणि "चार डोळे बरे असतात" असं म्हणून सही करणार. रविवारी सकाळी सहाची चाचणी असली तरी हजर. मी कँटीनमध्ये याची नक्कल करायचो. रिकामा मग धरून, मान पुढे काढून, एखाद्या पोलिश मित्राच्या खांद्यावरून त्याच्या सूपमध्ये डोकावायचं आणि म्हणायचं, "चार डोळे." सगळं टेबल हसायचं. माझं निदान असं होतं की यांना घरी कुणी विचारत नाही.

घरी कुणी विचारत नाही हे अगदीच खोटं नव्हतं. वहिनी स्पष्टवक्त्या होत्या. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर यायचं ते वॉटरफोर्डच्या इंग्रजीत. साहेबांनी जेवताना आमटीचं तापमान काढलं तेव्हा ती म्हणाली होती, "डॅड, यू आर सच अन ईजिट." ईजिट म्हणजे येडचाप. साहेब म्हणाले, "मराठीत बोल." ती म्हणाली, "मराठीत पण तोच अर्थ आहे." हे मात्र तिने मराठीत सांगितलं.

तर अशा माणसाला शिकारीचं वेड कुठून लागलं, असा प्रश्न पडेल. वेड लागलं नव्हतं. तो अभ्यासाचा निष्कर्ष होता. नऊ वर्षांत कारखान्यातल्या एकाही आयरिश माणसाने यांना घरी बोलावलं नव्हतं. सगळे हसून बोलायचे, सगळे 'ग्रँड' म्हणायचे. कसे आहात? ग्रँड. काम झालं? ग्रँड. बॉयलर फुटला? ग्रँड. साहेबांनी वर्षभर वहीत टिपून ठेवलं की कोण माणूस कुठल्या जागी किती वेळ खरं बोलतो. त्यातून निघालं ते त्यांनी मला गाडीत अगदी गंभीरपणे सांगितलं.

"हे लोक छताखाली बोलतच नाही बावा. मी पाहून राहिलो ना. पबमध्येसुद्धा क्रेक करतात, मजा करतात, पण बोलत नाही. यांना तोंड फुटते ते बाहेर, चिखलात, हाताला काहीतरी काम असलं की."

"मग तुम्ही गोल्फ खेळा, सर."

"गोल्फमध्ये मॅनेजर असतात," ते म्हणाले.

म्हणून बदकं. आमच्या कारखान्यात डेक्लन नावाचा मेकॅनिक होता, पाळीवर यायचा. कॉमेरा डोंगराच्या पायथ्याशी त्याची मेंढरं होती आणि हिवाळ्यात तो मेहुण्याबरोबर वर तळ्यांवर बदकं मारायला जायचा. साहेबांनी एक दिवस त्याला थेट विचारलं, मला न्याल का. डेक्लन थोडा वेळ पाना पुसत राहिला आणि म्हणाला, "बंदूक आहे?" नाही. "कुत्रा आहे?" नाही. "मग या दोन्ही गोष्टी झाल्या की या." नाही म्हणायची ती तिथली सभ्य पद्धत होती, हे कुठल्याही माणसाला कळलं असतं. यांनी त्याची दोन कामांची यादी केली.

बंदुकीचा परवाना काढायला आठ महिने गेले. गार्डा, म्हणजे तिथला पोलीस, घरी बंदूक ठेवायची तिजोरी बघायला आला, तेव्हा तिजोरी देवघराच्या शेजारी भिंतीत ठोकलेली होती, कारण घरात तीच एक पक्की भिंत होती. त्याने विचारलं, किल्ली कुणाकडे असते. साहेबांनी गणपतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "यांच्या मागे, कुलुपाच्या पेटीत." वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या मला मराठीत म्हणाल्या, "तीस वर्षं पूजा करून राहिले मी, आणि देवाला शेवटी वॉचमन केलं यांनी." गार्डाने बिस्किट घेतलं आणि सगळं ग्रँड आहे असं लिहून दिलं.

कुत्रा डेक्लननेच दिला. त्याच्या कुत्रीला २०१५च्या वसंतात सात पिल्लं झाली होती आणि एवढं सगळं केलेल्या माणसाला आता नाही कसं म्हणायचं, असा त्याला पेच पडला असणार. साहेबांनी पिल्लाचं नाव बॅच ठेवलं. आमच्या धंद्यात एका खेपेला निघालेल्या मालाला बॅच म्हणतात, आणि शिकारी कुत्र्याचं नाव तोंडातून पटकन फुटेल असं असावं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मुलीने खोलीचं दार आपटलं. पिल्लाला हुकूम मात्र मराठीत. बस, थांब, आण, सोड. कामाच्या जागी इंग्रजी बोलून तोंड दुखतं, घरच्या कुत्र्याशी तरी इंग्रजी बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि विद्यार्थी मराठी माध्यमाचा, म्हणून फाईलही मराठीत. बोलावण्याचा अधिकृत हुकूम 'ये' असा आराखड्यात होता. प्रत्यक्षात साहेब "ये रे बाळा, ये" म्हणायचे, आणि ते फाईलीत नव्हतं. मी एकदा ही तफावत दाखवून दिली. त्यांनी रीतसर आराखडा बदलला.

कुत्रं गुणी होतं, हे मी नाकारणार नाही. सप्टेंबरपर्यंत ते नदीत फेकलेली कापडी गुंडाळी आणून अलगद हातात देत होतं. एकच कमी होती. ते आवाजाला घाबरायचं. हॅलोविनला पोरांनी गल्लीत फटाके वाजवले तर सोफ्याखालून चार तास बाहेर आलं नाही. बंदुकीच्या आवाजाला भिणारा कुत्रा डोंगरावर न्यायचा नसतो, तो पळतो आणि हरवतो. हे डेक्लनने दोनदा बजावून सांगितलं होतं. त्यासाठी साहेबांनी दहा दिवसांची चाचणी आखली. गावाबाहेरच्या एका शेतात कावळे हाकलायची गॅसची तोफ होती. दर वीस मिनिटांनी आपोआप धडाम करायची, माणूस लागत नसे. पहिल्या दिवशी कुत्र्याला घेऊन तिच्यापासून चारशे पावलांवर उभं राहायचं, आवाज झाला की खाऊ द्यायचा, दुसऱ्या दिवशी तीनशे साठ, असं करत दहाव्या दिवशी चाळीस पावलं. कुठल्याही दिवशी तो थरथरला तर पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं.

नोव्हेंबरात साहेबांच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते दोन आठवडे नागपूरला गेले. जाताना त्यांनी फाईल माझ्या हातात दिली. "दुपारच्या सुट्टीत होऊन जाईल. दहाच दिवस. तुझ्याशिवाय कोणावर सोडू?"

पहिल्या दिवशी मी गेलो. चारशे पावलं मोजली. धडाम झालं आणि बॅच पोट चिखलाला टेकवून सपाट झाला, आणि माझ्या बुटावर मुतला. मला त्याला उचलून गाडीत न्यावं लागलं. मी फाईलीत लिहिलं : 'किंचित दचकला. हवामान कोरडे, वारा मंद.' दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढे रोजच. मी रोज दुपारी वहिनींकडून कुत्रा घ्यायचो, कारण त्या खिडकीतून बघायच्या, आणि त्याला घेऊन पेट्रोल पंपावर जायचो. तिथे चिकन फिले रोल फार छान मिळायचा. काचा बंद करून, हीटर लावून, अर्धा मी खायचो आणि अर्धा तो. तो माझ्या दोन गुडघ्यांमध्ये डोकं खुपसून बसायचा. दहाव्या दिवशी मी घरी चहा करून घेतला आणि राहिलेल्या नऊ नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या. तीन वेगवेगळी पेनं वापरली, म्हणजे संशय नको. पंजाचे ठसे नऊ. शेवटची नोंद : 'चाळीस पावले. शांत. शेपूट हलवत होता. उत्तीर्ण. हवामान कोरडे.' एवढं सफाईदार काम मी कारखान्यात कधी केलं नव्हतं.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हे सांगून टाकतो. मला ती सगळी भानगडच हास्यास्पद वाटत होती. साहेब परतले, पानं उलटली, प्रत्येक नोंद बोट ठेवून वाचली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नागपूरहून त्यांनी माझ्यासाठी संत्रा बर्फी आणली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही डोंगरावर गेलो. डेक्लन, त्याचा मेहुणा, साहेब, बॅच आणि साक्षीदार म्हणून मी. साहेबांनी नवा मेणकापडाचा कोट घेतला होता, गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि गळ्यात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली चोवीस मुद्द्यांची यादी. डेक्लनच्या अंगात त्याचा रोजचा फाटका स्वेटर होता. चढताना तो बोलत होता, आणि साहेबांचा निष्कर्ष खरा ठरत होता, ते मला मान्य करावं लागलं. वडिलांचं आजारपण, भावाशी झालेली भांडणं, बायकोची नोकरी. हा माणूस कारखान्यात वर्षभरात जितकं बोलला नव्हता तितकं त्या तासाभरात बोलला. साहेब धापा टाकत "हो, हो" करत होते आणि त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

वर तीन बाजूंनी कडे आणि मध्ये तळं, काठाला बर्फाची पातळ साय आलेली. आम्ही दगडांआड बसलो. पलीकडच्या लव्हाळ्यातून तीन बदकं उठली आणि डेक्लनने बार काढला. कड्यांवरून तो आवाज चार वेळा परत आला.

बॅच माझ्याकडे आला. साहेब त्याचे मालक, ते दोन हातांवर होते, पण तो माझ्याकडे आला आणि माझ्या गुडघ्यांमध्ये डोकं खुपसून थरथरायला लागला. साहेब बघत होते. मी त्याला गुडघ्याने बाजूला ढकललं आणि मोठ्याने "बस" म्हणालो. तेवढ्यात मेहुण्याने दुसरा बार काढला. मग कुत्रा नुसता सुटला. उतारावरच्या काळ्या दलदलीत तो काळा कुत्रा चार उड्यांत दिसेनासा झाला.

साहेबांनी त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही. त्यांनी आधी बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही काडतुसं काढली, मोजली, खिशात घातली, बटण लावलं, आणि मग पळत सुटले. माझ्या मनात आलं की हे कँटीनमध्ये सांगायला हवं.

तीन तास शोधलं. शिट्ट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. डेक्लनने विचारलं, "तुम्ही त्याला घरी काय म्हणून बोलावता?" साहेबांनी सांगितलं. मग डेक्लन एका बाजूने आणि त्याचा मेहुणा दुसऱ्या बाजूने, दोघे धिप्पाड आयरिश गडी, कॉमेराच्या कड्याखाली ओरडत फिरत होते, "येऽऽ रे बाला! ये रे बाला!" त्यांना ळ म्हणता येत नव्हता. साहेबांचा आवाज बसला होता. मी ओरडत नव्हतो. मी ओरडलो आणि तो खरंच आला तर माझ्याकडेच येईल, याची मला भीती वाटत होती.

चार वाजता उजेड उतरायला लागला. डेक्लन म्हणाला, आता खाली गेलं पाहिजे, नाहीतर आपल्यालाच शोधायला माणसं येतील. मग म्हणाला, "तुझा कोट इथे ठेव. जिथून तो पळाला तिथेच. कुत्रा परत त्याच जागी येतो आणि मालकाच्या वासावर झोपतो."

"हे कुठे लिहिलेलं आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुठेच नाही. माझे वडील करायचे."

साहेबांनी कोट काढला. दगडाच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा, आतली बाजू वर करून नीट पसरला. त्यांची यादी गळ्यात तशीच होती. खाली उतरताना ते नुसत्या स्वेटरवर होते आणि वारा हाडात शिरत होता. मी माझ्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली. अर्ध्या वाटेवर त्यांनी मला गाठलं.

"एक सांग. शेवटच्या दिवशी किती पावलांवर होता तो?"

"चाळीस, सर."

"आणि?"

"शेपूट हलवत होता."

"मग माझंच काहीतरी चुकलं," ते म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

रविवारी सकाळी ते आणि डेक्लन वर गेले. कोट होता, लाकडासारखा ताठ झालेला, कुत्रा नव्हता. साहेबांनी कोट झटकून परत पसरला, त्याखाली अंगातला स्वेटर काढून ठेवला आणि शर्टावर खाली आले. हे मला डेक्लनने नंतर सांगितलं. मी आलो नव्हतो. मी वहिनींना फोन करून सांगितलं होतं की मला कणकण वाटते आहे. मागे मुलीचा आवाज येत होता, ती रडत होती. वहिनी म्हणाल्या, "तू आराम कर. तू खूप केलं रे त्याच्यासाठी, रोज दुपारी नेत होता."

सोमवारी ते कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांतली अर्ज न करता घेतलेली ती पहिली रजा. साडेदहाला माझा फोन वाजला. "सापडला," ते म्हणाले. "कोटावर होता. पाय फाटले आहेत, पण आहे." मी फोन ठेवून टॉयलेटमध्ये गेलो आणि दार लावून चांगला रडलो. मला फार बरं वाटलं. आणि लगेचच आणखी एका गोष्टीचं बरं वाटलं, की आता कुणी काही विचारणार नाही.

कुणी विचारलं नाही. बंदूक विकली गेली. तिजोरीत वहिनी दिवाळीचा फराळ ठेवायला लागल्या, कारण मुलीला ते एकच कुलूप उघडता येत नसे. बॅच सोफ्यावर राहायला गेला आणि लठ्ठ झाला. एक गंमत झाली, ती म्हणजे साहेबांना माणसं मिळाली. डेक्लन रविवारी येऊन त्यांच्या परसात चिखलात उभा राहून बोलायचा, आणि कारखान्यात पाळीवरचे सगळे मेकॅनिक त्यांना बघितलं की "ये रे बाला" म्हणायचे. साहेब त्यांनाही "ळ" शिकवायचे. आणि बरोबर त्याच सुमाराला, मघाशी सांगितलं तसं, ते चहाचा मग घेऊन माझ्या मागे उभे राहायला लागले.

२०१९च्या मे महिन्यात मला डब्लिनला सिटीवेस्टमध्ये नोकरी लागली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर परतीच्या कागदांची चळत होती. लॅपटॉप जमा, ओळखपत्र जमा, किल्ल्या जमा. प्रत्येकावर माझी सही हवी होती. पलीकडे कँटीनमध्ये माझ्यासाठी केक आणला होता आणि तिथून हसण्याचा आवाज येत होता. मी नेहमीसारखा न वाचता आठ सह्या केल्या. नवव्याला हात थांबला, कारण तो कागद निळ्या फाईलीत होता.

माझ्या नोव्हेंबरच्या नोंदी होत्या. दुसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, नऊच्या नऊ नोंदींवर एकेक सरळ आडवी रेघ. खालचं सगळं वाचता येत होतं : शांत, शेपूट हलवत होता, हवामान कोरडे. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात कारखान्याच्या छतावरच्या यंत्राने त्या दिवशी नोंदलेली हवेतली आर्द्रता आणि 'पाऊस' हा शब्द. त्याखाली : 'केले नाही.' सही, आणि तारीख त्या रविवारची. म्हणजे डोंगरावरून शर्टावर खाली आले, ते कारखान्यात येऊन त्यांनी नोव्हेंबरच्या हवामानाच्या नोंदी काढून बघितल्या होत्या. कोट तेव्हा रिकामा होता. सोमवारी त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

पुढचं पान दोषनोंदीचं होतं. कारण : 'प्रशिक्षक दोन आठवडे गैरहजर. काम एकट्या माणसावर सोडले.' उपाय : 'यापुढे या साक्षीदाराच्या प्रत्येक नोंदीच्या वेळी स्वतः उभे राहणे.' तारीख जानेवारी २०१६. त्याखाली ताज्या शाईत : 'तीन वर्षे चार महिने. एकही खोटी नोंद नाही. उपाय परिणामकारक. प्रकरण बंद.' आणि त्यांची सही. शेजारी साक्षीदाराचा रकाना मोकळा होता.

"सर, मी तेव्हा..." मी सुरुवात केली.

"रकाना रिकामा आहे," ते म्हणाले.

त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढून दिलं. मी खाली वाकलो. ते मग उचलून माझ्या मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत राहिले. मी सही केली.

"तारीख टाक," ते म्हणाले. "आजचीच."